एका शितावरून परीक्षा

पृथ्वीखेरीज विश्वात इतरत्र जीवसृष्टी आहे का, हा एक प्रश्न आणि ती असण्याची शक्यता किती, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर पुरावा देईल. तसा पुरावा अद्याप कोणाच्या हाती लागलेला नाही. दुसऱ्याचे उत्तर हिशेबाने काढायचे, तर जीवसृष्टीचे ज्ञात उदाहरण एकच आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. विश्वाबद्दल तशी खात्री देता येत नाही. शिवाय हाती आलेले शीत डोळे मिटून उचललेले नाही. परीक्षा करणारा माणूस जीवसृष्टी असलेल्या ग्रहावरच जन्माला येऊ शकतो. त्यामुळे बाकीचे पातेले कच्चे असले, तरी त्याला मिळणारे पहिले शीत शिजलेलेच असणार. या विषयावरचा जवळजवळ प्रत्येक वाद फिरून या मुद्द्यापाशी येतो.

हिशेब मांडण्याची एक रीत फ्रँक ड्रेक यांनी १९६१ साली अमेरिकेतील ग्रीन बँक येथील रेडिओ वेधशाळेत सुचवली. आकाशगंगेत दर वर्षी किती तारे जन्मतात, त्यांतल्या कितींना ग्रह असतात, एका ग्रहमालेत जीवसृष्टीला मानवतील असे ग्रह किती, त्यांतल्या कितींवर ती खरोखर उद्भवते, कितींवर बुद्धीपर्यंत पोहोचते, त्यांतल्या किती अवकाशात संदेश पाठवू शकतात आणि त्या स्थितीत त्या किती काळ टिकतात, अशा सात संख्यांचा हा गुणाकार आहे. १९६१ साली यांतली जेमतेम पहिली संख्या अंदाजाने सांगता येत होती. आज पहिल्या तीन बऱ्यापैकी हाताशी आहेत. चौथीपासून पुढे मात्र कोरी पाटी आहे. तेव्हा शक्यतेचा विचार करताना खगोलशास्त्राचे घर बरेचसे भरले असून जीवशास्त्राचे रिकामे आहे, ही गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी लागते.

खगोलशास्त्राचे घर भरण्याची सुरुवात भारतात झाली, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. विल्यम स्टीफन जेकब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील लष्करी अभियंता. त्याने १८४२ साली पुण्यात स्वतःची छोटी वेधशाळा उभारली आणि तेथून जोडताऱ्यांचे वेध घेतले. पुढे १८४८ साली तो मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख झाला. भुजंगधारी तारकासमूहात ७० क्रमांकाचा एक जोडतारा आहे. सूर्यापासून सुमारे १७ प्रकाशवर्षांवरचे हे दोन तारे एकमेकांभोवती सुमारे ८८ वर्षांत एक फेरी पुरी करतात. गणिताने काढलेली त्यांची जागा आणि दुर्बिणीतून दिसलेली जागा यांत जेकबला नियमित फरक आढळला. १८५५ साली त्याने लिहिले की या ताऱ्यांपाशी न दिसणारा एक ग्रह असण्याचा मोठा संभव आहे. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याला ग्रह असल्याचा, वेधांच्या आधारे केलेला हा पहिला दावा मानला जातो. त्याच वर्षी इतर ग्रहांवर वस्ती असेल का, या इंग्लंडात पेटलेल्या वादावर त्याने एक पुस्तिकाही प्रसिद्ध केली. पुण्याजवळच्या डोंगरावर मोठी वेधशाळा उभारण्यासाठी त्याला पैसा मंजूर झाला, ऑगस्ट १८६२ मध्ये तो मुंबईस उतरला, पुण्याला पोहोचला आणि त्याच महिन्यात तेथे वारला.

जेकबचा ग्रह खरा ठरला नाही. त्या वेधांत मोजमापाच्या चुका होत्या आणि पुढच्या काळात घेतलेल्या कसोशीच्या वेधांतही तेथे ग्रह सापडला नाही. तरी त्याची दिशा बरोबर होती. ग्रह दिसला नाही, तरी ताऱ्याच्या चालीतल्या फरकावरून तो ओळखता येतो, हेच तत्त्व पुढे कामी आले. मद्रासच्या वेधशाळेचा वारसा कोडाइकनालमार्गे भारतीय ताराभौतिकी संस्थेकडे आला. १९७१ साली स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मुख्यालय आज बेंगळुरूत, कोरमंगलात आहे. परग्रहांचे वातावरण आणि त्यांवरची जीवसृष्टीची शक्यता हा तेथे नियमित संशोधनाचा विषय आहे.

सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला पक्का ग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांनी शोधला. त्यासाठी त्यांना २०१९ चे नोबेल मिळाले. ग्रह ताऱ्याला किंचित हेलकावा देतो आणि ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा त्या तालावर पुढेमागे सरकतात. दुसरी रीत सावलीची. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याचा प्रकाश थोडासा अडवतो. दूरवरून कोणी सूर्याकडे पाहत असेल, तर पृथ्वी आड आल्यावर त्याला प्रकाशात बारा हजारांत एक भागाएवढी घट दिसेल. केप्लर दुर्बिणीने २००९ ते २०१८ या काळात अशाच घटी मोजल्या. माउंट अबू येथील भौतिकी संशोधन प्रयोगशाळेच्या ‘पारस’ या वर्णपटमापकाने पहिल्या रीतीने २०१८ साली सुमारे ६०० प्रकाशवर्षांवरच्या एका ग्रहाचे वस्तुमान ठरवले. ते पृथ्वीच्या सुमारे २७ पट निघाले. सप्टेंबर २०२५ मध्ये पक्क्या परग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली. ताऱ्यांना ग्रह असणे हा अपवाद नसून नियम आहे, एवढे आता ठामपणे म्हणता येते.

यांतले किती ग्रह जीवसृष्टीला मानवतील? त्यासाठी ताऱ्यापासूनच्या एका पट्ट्याचा विचार करतात. त्या पट्ट्यात खडकाळ ग्रहाच्या पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकते. केप्लरच्या नोंदींवरून काढलेल्या सावध अंदाजानुसार एकट्या आकाशगंगेत सूर्यासारख्या ताऱ्यांभोवती असे निदान ३० कोटी ग्रह असावेत. हा आकडा मोठा असला, तरी त्याने हुरळून जाऊ नये. चंद्र सूर्यापासून जवळजवळ पृथ्वीइतक्याच अंतरावर आहे आणि तो निर्जीव आहे. ग्रहाला वातावरण धरून ठेवण्याइतके वजन हवे. आकाशगंगेतील बहुसंख्य तारे लहान, तांबूस आणि मंद आहेत. त्यांच्याजवळचे ग्रह ताऱ्याच्या भडक्यांनी सतत भाजले जातात. ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या अशाच ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह आहेत. त्यांतल्या सर्वांत आतल्या दोहोंभोवती दाट वातावरणाचा मागमूस जेम्स वेब दुर्बिणीला लागला नाही.

तरीही जागांची चणचण नाही. खरी अडचण पुढच्या संख्येत आहे: जागा मिळाल्यावर जीव किती वेळा जन्म घेतो? येथे त्या एकुलत्या एका शिताकडेच वळावे लागते आणि ते पाहायला बेंगळुरूतील जयनगर हे चांगले ठिकाण आहे. १९४८ साली पाया घातलेल्या या वसाहतीच्या उत्तरेला लालबाग आहे. मुंबईच्या लालबागशी नावाखेरीज तिचे नाते नाही. हैदर अलीने १७६० च्या सुमारास ती लावली. बागेत मध्येच एक मोठा, उघडा, उतरता कातळ आहे. माथ्यावर केंपेगौडाचा छोटा बुरूज आहे. पहाटे फिरायला येणारी माणसे त्या कातळावर चढून सूर्योदय पाहतात. पायाखाली नीट पाहिले, तर फिकट करड्या दगडातून काळपट पट्टे जाताना दिसतात. काही सरळ, काही घडी घातलेल्या कापडासारखे दुमडलेले. पट्टिताश्म या जातीचा हा खडक दख्खनच्या द्वीपकल्पाच्या पायाचा खडक आहे. त्याला ‘पेनिन्सुलर नाइस’ हे नाव म्हैसूर संस्थानच्या भूशास्त्र खात्यातील स्मीथ यांनी दिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने या कातळाला १९७५ साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे आहे. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे याच्यापुढे कालचे पोर.

खोल जमिनीत तापून दाबून घडलेल्या या खडकात जीवाश्म टिकत नाहीत. पण तो घडला तेव्हा पृथ्वीवर जीव होता, आणि तोही नवा नव्हता. पृथ्वी ४५४ कोटी वर्षांपूर्वी जन्मली. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा येथे ३४८ कोटी वर्षे जुन्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या थरांनी रचलेल्या स्ट्रोमॅटोलाइट नावाच्या घुमटाकार रचना मिळतात. कर्नाटकातच चित्रदुर्गच्या खडकपट्ट्यात २५० कोटी वर्षांहून जुने स्ट्रोमॅटोलाइट आहेत. पृथ्वीचा सुरुवातीचा उकळता, उल्कांच्या माऱ्याचा काळ सोडला, तर जीव येथे बराच लवकर आला. यावरून पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणतात की परिस्थिती जुळली की जीव उद्भवायला वेळ लागत नसावा. मग तो विश्वात सर्वत्र असावा.

हे अनुमान मोहक आहे, पण त्यात एक खोट आहे. सूक्ष्मजीवापासून प्रश्न विचारणाऱ्या माणसापर्यंतच्या प्रवासाला येथे साडेतीनशे कोटी वर्षे लागली. सूर्य दर शंभर कोटी वर्षांत सुमारे दहा टक्क्यांनी अधिक तेजस्वी होत आहे. आणखी शंभर कोटी वर्षांच्या आसपास पृथ्वीवरचे समुद्र टिकणे कठीण होईल. एवढ्या मुदतीत बुद्धीपर्यंत पोहोचायचे, तर सुरुवात लवकर होणे भागच होते. जीव उशिरा उद्भवला असता, तर हा हिशेब करायला येथे कोणी नसते. त्यामुळे जीव लवकर आला याचा अर्थ तो सहज येतो असाच होईल, असे नाही. या पुराव्याचे वजन शून्य नाही; सहसा मानले जाते त्यापेक्षा मात्र ते पुष्कळच कमी आहे.

आकड्यांत पाहिले तर हे अधिक स्पष्ट होते. ३० कोटी अनुकूल ग्रहांपैकी हजारांत एकावर जीव उद्भवत असेल, तर आकाशगंगेत तीन लाख सजीव ग्रह आहेत. एक लाख कोटी ग्रहांमागे एकावर उद्भवत असेल, तर तीन हजारांहून अधिक दीर्घिका धुंडाळल्यावर एक सापडेल. दृश्य विश्वात किमान दहा हजार कोटी दीर्घिका असल्यामुळे या दुसऱ्या हिशेबानेही जीवसृष्टी कोट्यवधी ठिकाणी असेल, पण तिची आणि माणसाची गाठ कधीच पडणार नाही. हजारांत एक आणि लाख कोटींत एक, या दोन्ही अंदाजांना आजच्या ज्ञानाच्या आधारे सारखीच मुभा आहे.

रसायनशास्त्राकडून येणाऱ्या बातम्या आशादायक आहेत. १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत सत्तरहून अधिक प्रकारची अमिनो आम्ले मिळाली. बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ साली आणलेल्या मातीत सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएमधील पाचही मूलघटक सापडले. वाणसामान सगळीकडे पोहोचलेले आहे. सामानापासून स्वयंपाक आपोआप होतो का, हे मात्र अजून कोणत्याही प्रयोगशाळेत दिसलेले नाही.

की जीव तयारच येतो? फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी असे मांडले होते की जीवाणू धूमकेतूंतून प्रवास करतात आणि पृथ्वीवर सतत उतरत असतात. ही कल्पना बहुतेक जीवशास्त्रज्ञांनी बाजूला सारली. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर यांनी मात्र ती प्रयोगाच्या कसोटीला लावली. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या आणि पुण्यात ‘आयुका’ उभारणाऱ्या नारळीकरांना मराठी वाचक विज्ञानकथाकार म्हणूनही ओळखतात. परग्रहावरच्या जीवांवर त्यांनी कथा लिहिल्या आणि त्याच जीवांचा माग काढण्यासाठी फुगेही सोडले. हा प्रयोग भारतातल्या परग्रहजीवांच्या शोधाच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा आहे. त्याचा निष्कर्ष मान्य न करणाऱ्यांनीही त्याची रीत समजून घ्यावी.

हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या फुगा-केंद्रातून २१ जानेवारी २००१ आणि २० एप्रिल २००५ रोजी ही उड्डाणे झाली. २००५ च्या फुग्याला जोडलेले उपकरण ४५९ किलोचे होते. त्यात पोलादी नळकांडी होती. ती निर्जंतुक करून आतली हवा पूर्ण काढून घेतलेली होती आणि ती द्रवरूप निऑनमध्ये, म्हणजे उणे २४६ अंशांच्या आसपासच्या थंडीत बुडवलेली होती. फुगा २० ते ४१ किलोमीटरच्या पट्ट्यात असताना जमिनीवरून आज्ञा देऊन एकेका नळकांड्याची झडप उघडायची. बाहेरची विरळ हवा आत शिरे आणि थंड भिंतींवर गोठून बसे. जागा रिकामी झाल्याने आणखी हवा ओढली जाई. मग झडप बंद आणि हवाई छत्रीने खाली. प्रयोगशाळेत ती हवा अर्ध्या मायक्रॉनहून बारीक छिद्रांच्या गाळण्यांतून जाऊ द्यायची आणि गाळण्यांवर काय वाढते ते पाहायचे. नमुने हैदराबादची पेशी व रेण्वीय जीवशास्त्र संस्था आणि पुण्याचे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र यांनी वेगवेगळे तपासले. एकाच घरात दळण आणि पारख, असे होऊ दिले नाही.

१२ जीवाणूंच्या आणि ६ बुरशींच्या वसाहती वाढल्या. बारांपैकी नऊ जीवाणू ओळखीचे निघाले आणि तीन नव्या जाती ठरल्या. मार्च २००९ मध्ये इस्रोने त्यांची नावे जाहीर केली: हॉइल यांच्या नावाने जॅनिबॅक्टर हॉयली, इस्रोच्या नावाने बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि आर्यभटाच्या नावाने बॅसिलस आर्यभटाय. या तिन्ही जाती आपल्या जवळच्या भाईबंदांपेक्षा अतिनील किरणांना अधिक दाद न देणाऱ्या होत्या. मात्र त्या पृथ्वीबाहेरून आल्या, असे इस्रोने म्हटले नाही आणि नारळीकरांनीही ते सिद्ध झाल्याचा दावा केला नाही.

तसा दावा टिकलाही नसता. या जीवाणूंचा डीएनए, त्यांची प्रथिने, त्यांची सगळी लिपी पृथ्वीवरच्या इतर जीवाणूंचीच होती. प्रत्येकाचे कूळ ओळखता येत होते. आर्यभटाय ही जात पुढे निरनिराळ्या देशांतील शेतजमिनीत, झाडांच्या मुळांपाशी सापडली. जमिनीवरचा जीवाणू ४१ किलोमीटर उंचीवर कसा चढला, हा प्रश्न अवघड आहे. अवकाशातून आलेल्या जीवाची लिपी तंतोतंत पृथ्वीवरची कशी, हा त्याहून अवघड आहे. दोहोंत पहिलीच अडचण पत्करणे शहाणपणाचे. या उड्डाणांनी एक गोष्ट निःसंशय दाखवली: जीवाचे क्षेत्र मानले जात होते त्याहून कितीतरी उंच आहे. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. असा प्रयोग आणखी उंचीवर, आणखी नळकांड्यांनिशी पुन्हा व्हायला हवा.

जीवाच्या चिवटपणाचा दुसरा दाखला महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने बेसाल्टमध्ये पडलेल्या १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात आहे. मंगळाचा पृष्ठभागही बेसाल्टचाच आणि अशाच विवरांनी भरलेला. त्यामुळे मंगळाचा अभ्यास करणारे लोणारला येतात. पाण्याचा सामू दहाच्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्याइतका क्षारयुक्त. तरी ते सूक्ष्मजीवांनी भरलेले आहे. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले, ते क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे. पाणी, ऊर्जा आणि थोडी खनिजे मिळाली की एकदा रुजलेला जीव हटत नाही, हे लोणार दाखवते. तो पहिल्यांदा रुजतो कसा, हे लोणारही सांगत नाही.

ते कळण्याची सर्वांत जवळची जागा सूर्यमालाच आहे. मंगळावर जेझेरो विवरातील एका खडकावर पर्सिव्हिअरन्स गाडीला २०२४ साली बारीक ठिपके दिसले. लोहाच्या फॉस्फेट आणि सल्फाइड खनिजांचे असे ठिपके पृथ्वीवर बहुधा सूक्ष्मजीवांमुळे बनतात. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांना जीवाची संभाव्य खूण म्हटले आहे. नमुना कुपीत भरलेला आहे, पण कुपी मंगळावरच आहे. शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राच्या बर्फाखालच्या समुद्रातून फवारे उडतात आणि त्यांत फॉस्फेट सापडले आहे. गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालेले यान एप्रिल २०३० मध्ये पोहोचेल.

मंगळावर जीव सापडला, तरी एक तपासणी आधी करावी लागेल. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील शेरघाटी गावी एक अशनी पडला. तो मंगळावरून उडालेला दगड होता, हे पुढे शंभराहून अधिक वर्षांनी कळले आणि त्या जातीच्या सर्व अशनींना आज शेरघाटीचेच नाव आहे. म्हणजे दोन ग्रहांत दगडांची ये-जा चालते. मंगळावरचा जीव पृथ्वीच्या जीवाचा सख्खा भाऊ निघाला, तर हाती दुसरे शीत आले असे होणार नाही; तो त्याच शिताचा तुकडा ठरेल. त्याची लिपी सर्वस्वी वेगळी निघाली, तर मात्र सगळा हिशेब एका दिवसात पालटेल. एकाच सूर्याभोवती जीव स्वतंत्रपणे दोनदा उद्भवला, तर विश्वात तो दुर्मीळ आहे असे म्हणायला जवळजवळ जागा उरणार नाही. युरोपा आणि एन्सेलॅडस यांचे महत्त्व याच कारणाने मंगळाहून अधिक आहे. तेवढ्या दूर दगडांची ये-जा फारच अवघड.

बुद्धिमान जीवसृष्टीची शक्यता याहून कितीतरी कमी मानावी लागते. पृथ्वीवर साडेतीनशे कोटी वर्षांतला बहुतेक काळ सूक्ष्मजीवांचा होता. प्राणी आले ते गेल्या साठ कोटी वर्षांत आणि रेडिओ वापरणारी एकच जात झाली, तीही गेल्या सव्वाशे वर्षांतली. शोधण्याचे साधन कमी पडते आहे, असे मात्र नाही. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या ३० तबकड्यांनी १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या स्कियापरेल्ली यानाचा संदेश थेट टिपला. यानाचा प्रक्षेपक जेमतेम काही वॅटचा होता, घरातल्या मंद दिव्याएवढा, आणि अंतर १७ कोटी किलोमीटरांहून अधिक. जुन्नर तालुक्यातल्या शेतांमधून एवढे ऐकू येते. पण तारे याच्या लाखो पटींनी दूर आहेत आणि बोलणाऱ्याने नेमक्या वेळी बोलायला हवे. माणसाचे रेडिओ संदेश शंभर प्रकाशवर्षांपलीकडे फारसे पोहोचलेले नाहीत. हा आकाशगंगेच्या तबकडीचा जेमतेम अडीच लाखावा भाग झाला. एन्रिको फर्मी यांनी १९५० साली विचारलेला ‘मग ते सगळे आहेत कुठे?’ हा प्रश्न बिनतोड वाटतो, पण एवढ्याशा शोधावरून कोणीच नाही असे ठरवता येत नाही.

दूरच्या ग्रहावरचा मुका जीव ओळखायचा, तर त्याच्या हवेवरून. हवेत प्राणवायू आणि मिथेन ही जोडी एकत्र टिकत नाही. दोघे एकमेकांना संपवतात. ती दोन्ही सापडली, तर कोणीतरी ती सतत पुरवत आहे. येथेही घाई महागात पडते. वाराणसीच्या आयआयटीत शिकलेले, केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने सिंह राशीतील १२४ प्रकाशवर्षांवरच्या के२-१८बी या ग्रहाच्या हवेत २०२३ साली मिथेन आणि कर्बवायू दाखवले. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी डायमिथिल सल्फाइडच्या खुणा मिळाल्याचे जाहीर केले. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातील सूक्ष्म वनस्पती सोडतात. बातमी जगभर गाजली. इतर गटांनी तीच मोजमापे पुन्हा तपासली, तेव्हा खूण फारच पुसट निघाली. शिवाय हाच वायू एका धूमकेतूवरही सापडला आहे आणि धूमकेतूवर समुद्र नाही. मधुसूदन यांच्या गटानेही हा अंतिम पुरावा असल्याचे म्हटलेले नाही. जेकबच्या ग्रहाला जी कसोटी लागली आणि नारळीकरांच्या जीवाणूंना जी लागली, तीच येथे लागते: जीवाखेरीज दुसरे प्रत्येक कारण आधी बाद व्हायला हवे.

एवढ्या सगळ्याचा विचार करता सूक्ष्मजीव विश्वात आणखी कोठेतरी असण्याची शक्यता मोठी, आकाशगंगेतच माणसाला सापडण्याइतके जवळ असण्याची शक्यता बरी, आणि संवाद करू शकणारा शेजारी असण्याची शक्यता लहान, असे मत आज वाजवी ठरते. यांतल्या कोणत्याही शब्दाच्या जागी टक्केवारी घालणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दूरचे सजीव ग्रह ओळखायचे, तर सजीव ग्रह दुरून कसा दिसतो हे आधी ठाऊक हवे. बेंगळुरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राने त्यासाठी ‘शेप’ हे लहान उपकरण तयार केले. १४ जुलै २०२३ रोजी निघालेल्या चांद्रयान-३ च्या वाहक भागावर ते बसवले होते. लँडर चंद्रावर उतरल्यानंतर वाहक भाग चंद्राभोवती फिरत राहिला आणि पुढे त्याला पृथ्वीभोवतीच्या दूरच्या कक्षेत परत आणले गेले. अवरक्त प्रकाशात, १ ते १.७ मायक्रॉन लांबीच्या लहरींत, ‘शेप’ने पृथ्वीचा वर्णपट आणि तिच्या प्रकाशाचे ध्रुवण नोंदवले. एका ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या ग्रहाच्या प्रकाशात पाणी, ढग आणि प्राणवायू यांच्या खुणा कशा उमटतात, हे पुढे इतर ग्रहांच्या वर्णपटांशी ताडून पाहण्यासाठी. नक्की सजीव असल्याचे ठाऊक असलेल्या ग्रहांचे वर्णपट मांडायचे ठरवले, तर आजच्या घडीला त्या यादीत तेवढी एकच नोंद होते.